पडद्यावरची शेंडी आणि भरलेला डबा

"जेवायच्या सुट्टीच्या आत शेंडी उडवतो आणि चारच्या ठोक्याला घरी हजर होतो! बघच तू!"

निवांतरावांनी सकाळी बूट चढवता चढवता ही गर्जना केली. करताना छातीही थोडी पुढे काढली. पण बायकोला ती दिसली नाही, कारण ती बॅगेवर बसून बॅगेची चेन ओढत होती आणि चेन काही केल्या दाद देत नव्हती.

"तुमचे चार म्हणजे जगाचे सात," ती चेनशी झटत म्हणाली. "गाडी साडेपाचची आहे. आज मी वाट बघत बसायची नाही. तुमच्यासकट, नाहीतर तुमच्याशिवाय!"

त्यात तिचं काही चुकत नव्हतं. लेकीला मुलगी झाली, ती पालथी पडली, बसायला लागली, तिला दात आले, आणि या सगळ्या बातम्या निवांतरावांना फोनवरच कळल्या. आजोबांनी नातीला अजून एकदाही कडेवर घेतलं नव्हतं. दर वेळी रजा मंजूर व्हायची, बॅगा भरल्या जायच्या आणि ऐन वेळी कंपनीत काहीतरी बोंबलायचं. बॅगेतले कपडे न घालताच चुरगळून पुन्हा इस्त्रीला जायचे.

"आणि ते पट्ट्याला लावलंत का?" बायकोने विचारलं.

'ते' म्हणजे लेकीने पाठवलेली कोटाच्या बटणाएवढी पांढरी चकती. डॉक्टरांनी निवांतरावांना रोज चालायला सांगितलं होतं, आणि निवांतराव रोज बसल्या जागेवरून "आज भरपूर चाललो" अशा थापा लेकीला मारत होते. शेवटी लेकीने ही चकती धाडली. ती पावलं मोजायची, खिशातल्या मोबाइलला कळवायची आणि मोबाइल तिकडे लेकीकडे चुगली करायचा. "आंघोळ सोडली तर काढायची नाही!" अशी तिची सक्त ताकीद होती. नाकावरचा चष्मा माणूस विसरतो, तसे निवांतराव ती चकती केव्हाच विसरले होते. बायकोनेच रोज त्यांच्या पट्ट्याला ती अडकवायची.

"लावलीय, तूच लावलीस," म्हणत त्यांनी डबा उचलला. डबा आज चांगलाच जड लागला. आठवडाभर घर बंद राहणार, म्हणून स्वयंपाकघरात उरलंसुरलं होतं ते सगळं बायकोने त्यात कोंबलं होतं. खाली भात, वर बटाट्याची भाजी, आणि झाकण लागावं म्हणून वरून एक बुक्की.

आता निवांतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कंपनीत कुणीही अडचण घेऊन आलं की ते म्हणायचे, "ठेवा तिथे, एकदा निवांत बसून बघू." तो निवांतपणा इतक्या वर्षांत एकदाही उगवला नाही, पण नाव मात्र चिकटलं. माणसं थकली की झोपतात. निवांतराव झोपून उठले तरी थकलेलेच असायचे.

त्यांची कंपनी लांबून येणारे अगदी क्षीण सिग्नल मोठे करणारी एक पेटी बनवायची. पेटीने सिग्नल मोठा करावा, पण स्वतःची कटकट त्यात मिसळू नये, एवढीच अपेक्षा. ही अपेक्षा आपण माणसांकडूनही करतो आणि तिथेही ती पुरी होत नाही, ते सोडा. पेटीची कटकट तपासायला एक ॲनलायझर होता. त्याच्या पडद्यावर तळाशी एक हिरवी रेघ थरथरत पळायची आणि वरच्या बाजूला एक लाल रेघ ठाम उभी... म्हणजे आडवी असायची. हिरवीने लालला शिवायचं नाही, हा नियम. पण गेले काही दिवस हिरव्या रेघेतून एकाच जागी एक टोकदार उंचवटा सरळ वर जाऊन लाल रेघ ओलांडत होता. त्यालाच सगळे 'शेंडी' म्हणत.

"शेंडी तुटो की पारंबी तुटो," साहेबांनी आदल्या दिवशी बजावलं होतं, "उद्या दुपारी गिऱ्हाइकाकडून तपासनीस येतोय. त्याची सही झाली की तुमची रजा सुरू. नाही झाली, तर शेंडी आणि तुम्ही, दोघेही इथेच!"

तपासणीची खोली चारी बाजूंनी पत्र्याची, बिनखिडकीची आणि जड लोखंडी दाराची. बाहेरची कुठलीही लहर आत शिरू नये, म्हणून तसं बांधकाम केलेलं. आत पेटीची रचना करणारी इंजिनिअर मुलगी निवांतरावांची वाट बघत उभी होती. वयाने लेकीएवढीच, पण सगळी कंपनी तिला ताई म्हणायची. तिचेही डोळे सुजले होते. शेंडी पेटीतूनच निघतेय असं ठरलं असतं, तर तिची अख्खी रचना कचऱ्यात गेली असती.

"काका, अजून आहे हो ती," ताई म्हणाली.

"असू दे. आज तिचा शेवटचा दिवस!" निवांतरावांनी बाह्या सरसावल्या. "या खोलीत लहरी सोडणारी एकही वस्तू नको. सगळ्यांचे मोबाइल बाहेर!"

मोबाइल बंद होऊन बाहेरच्या बोळातल्या ट्रेमध्ये गेले. निवांतरावांनी स्वतःचाही काढून ठेवला. आपण नियम सगळ्यांना सारखे लावतो, याचा त्यांना अभिमान होता.

"मनगटी घड्याळं बाहेर! पंखा बंद! ते भिंतीवरचं घड्याळ, तेही काढा!"

"काका, त्यात एक सेल तर आहे."

"सेलच घात करतो!"

भिंतीवरचं घड्याळ गेलं. दार बंद झालं. दोघांनी पडद्याकडे पाहिलं. शेंडी होती त्याहून बोटभर उंच झाली होती!

"काका, वाढली!"

"वाढू दे. विझताना दिवा मोठा होतो."

पण हा दिवा विझेना. निवांतरावांनी केबल बदलल्या, टेबल सरकवलं, टेबलाखाली शिरले, तिथे डुलकी लागता लागता बाहेर आले. शेंडी आपली ताठ. भूक लागली, तशी त्यांनी डबा हातात घेतला. टेबलावर केबलचा गुंता, खुर्चीवर हत्यारं. ॲनलायझरचा पुढचा पाय मोडल्यापासून तो पाठीवर रेलून पडलेला असायचा, आरामखुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. "क्षणभर धर रे बाबा," असं म्हणून निवांतरावांनी डबा त्याच्या बटणांवर टेकवला आणि खुर्ची मोकळी करायला वळले.

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवायला हवी, कारण त्या खोलीत ती कुणालाच आठवली नाही. त्या बटणांच्या रांगेत कोपऱ्यात एक बटण होतं. वापरून वापरून त्यावरचं अक्षर पुसलं होतं. फार पूर्वी निवांतरावांनीच एका उत्तम पेटीचा आलेख नमुना म्हणून यंत्राच्या आठवणीत साठवून ठेवला होता. ते बटण दाबून धरलं की पडद्यावर तो जुना आलेख यायचा, त्या दिवशीच्या वेळेसकट. सोडलं की पुन्हा चालू आलेख. नवी पेटी जुन्या नमुन्याशी ताडून बघायची ही सोय. हल्ली ताडून बघायला वेळ कुणाला होता? बटण विसरलं गेलं होतं. नेमकी त्या बटणावर डब्याची कडी बसली, आणि वरून तो भात आणि ती बुक्की!

"काका!" ताई किंचाळली. "शेंडी गेली!"

निवांतराव गर्रकन वळले. पडद्यावर हिरवी रेघ. सपाट, शांत, लालपासून लांब. डाव्या बाजूला एक बारीकशी खळी होती, तेवढीच. ही रेघ आपण कुठेतरी पाहिली आहे, असं निवांतरावांना वाटलं. पण थकलेल्या माणसाला सगळंच कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं. कोपऱ्यात वेळ होती बारा पंचेचाळीस.

"पावणेएक! म्हणालो होतो ना? जेवायच्या सुट्टीच्या आत!" आणि त्यांनी समाधानाने डबा उचलला.

शेंडी परत!

डबा ठेवला. गेली! उचलला. आली! दोघांचेही डोळे त्या शेंडीच्या जागेवर खिळलेले. कोपऱ्यातली वेळ त्याबरोबर मागेपुढे उड्या मारत होती, तिकडे बघायला कुणाला सवड होती?

"काका, डब्यामुळे जातेय," ताई हळूच म्हणाली. देवघरात बोलावं तसा तिचा आवाज झाला होता.

साहेबांना बोलावणं गेलं. त्यांनी स्वतः डबा उचलून, ठेवून पाहिला. मग दोन्ही हात मागे बांधून एक फेरी मारली.

"धातू!" साहेब म्हणाले. "धातूचं कवच बाहेरच्या लहरी अडवतं. साधी गोष्ट आहे. इतके दिवस सुचली कशी नाही तुम्हाला?"

"मग दुसरं काहीतरी धातूचं ठेवू या ना," निवांतराव घाईने म्हणाले. "मला जेवायचंय."

पाण्याचा स्टीलचा जग आणला. रिकामा, हलका. शेंडी तशीच. ताईचा प्लॅस्टिकचा डबा ठेवून पाहिला. शेंडी तशीच. शेवटी निवांतरावांनी सगळं जेवण एका ताटलीत उपसलं आणि रिकामा डबा ठेवला. आता रिकाम्या डब्याच्या वजनाने ते बटण कसलं दबतंय? शेंडी ताठ!

"भरा! पुन्हा भरा!" साहेब ओरडले.

निवांतरावांचा पहिला घास ओठांपाशी पोचला होता. तो त्यांनी डब्यात परत टाकला. ताटलीतलं शीत न् शीत आत गेलं, झाकणावर बुक्की बसली, डबा जागेवर आला आणि शेंडी गेली.

"धातू आणि आत ओलावा," साहेबांचा आवाज घोगरा झाला. "निवांतराव, हा शोध आहे शोध! या डब्याला आता कुणीही हात लावायचा नाही."

"पण मी..."

"तुम्ही तर मुळीच नाही!"

मग तिघे स्टुलांवर बसून तपासनीसाची वाट बघू लागले. साहेब मधूनमधून पडद्याकडे बघून म्हणत, "किती स्थिर आहे! हलतसुद्धा नाही!" डब्याच्या फटीतून बटाट्यांचा वास येत होता. निवांतराव तो वास आणि आवंढा दोन्ही गिळत होते. वेळ मात्र आज मोठी समजूतदार झाली होती. केव्हाही मान वर करावी तर पावणेएकच! चारला अजून किती अवकाश आहे, या विचाराने त्यांना बरं वाटत होतं. कंटाळवाणा वेळ लवकर सरत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

अखेर तपासनीस आला. वाळका, गंभीर माणूस. हातात टोपण लावलेलं पेन. ते टोपण निघालं की सही, हे सगळ्या धंद्याला माहीत होतं. नियमाप्रमाणे त्याचंही घड्याळ आणि मोबाइल ट्रेमध्ये गेले. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं आणि ते भारावून गेले.

"वा! दोनला येणार होतात आणि इतक्या लवकर आलात! मानलं बुवा!"

तपासनीसाचा चेहरा कारल्याचा रस प्यायल्यासारखा झाला. "टोमणे मारायची गरज नाही. रस्त्यात गाडी बंद पडली होती."

"छे छे, टोमणा कसला? तुमच्यासारखी माणसं सगळीकडे असती तर..."

"कामाचं बोला!" तपासनीस कडाडला. आपण कौतुक केलं तरी हा माणूस चिडतो, म्हणजे भलताच कडक आहे, असं साहेबांनी मनात नोंदवलं.

तपासनीसाने रेघ पाहिली. वाकून पाहिली, बाजूने पाहिली. रेघेत नाव ठेवायला जागा नव्हती. मग त्याची नजर डब्यावर गेली.

"हे काय आहे?"

"कवच," साहेब म्हणाले.

"मला हा जेवणाचा डबा वाटतो."

"आतून तो जेवणाचा डबाच आहे. बाहेरून कवच आहे."

तपासनीसाने डबा उचलून पाहिला, ठेवून पाहिला. त्याच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

"हा डबा पेटीबरोबर येणार?"

"येणार."

"प्रत्येक पेटीबरोबर?"

"प्रत्येक!"

"भरलेला?"

साहेब क्षणभर अडखळले. पण आता माघार घेणं म्हणजे शेंडी पत्करणं. "भरलेला!"

निवांतराव मटकन स्टुलावर बसले.

"मग तो नकाशात दाखवायला हवा," तपासनीस म्हणाला. "नकाशात नाही ते मी मंजूर करत नाही."

ताईने कागद ओढला आणि डब्याचा नकाशा काढला. एक वरून, एक बाजूने, एक झाकण काढून. खाली भात असं लिहून बाण काढला, वर बटाटे असं लिहून दुसरा बाण काढला. इंजिनिअरिंगला घालवलेली वर्षं तिच्या डोळ्यांपुढून गेली असावीत, कारण दुसरा बाण जरा वाकडा आला.

"यात मीठ किती?" तपासनीसाने विचारलं.

"मीठ?"

"ओल्या मिठातून वीज वाहते. मीठ बदललं तर कवच बदलणार. किती आहे?"

सगळ्यांनी निवांतरावांकडे पाहिलं. निवांतरावांनी भिंतीकडे पाहिलं. मग चौघेही बोळात गेले. तिथे भिंतीवर जुना टेलिफोन होता. निवांतरावांनी घरी फोन लावला.

"अगं, मी बोलतोय. आजच्या बटाट्यात मीठ किती घातलंस?"

 

"खारट झालीय?"

"नाही गं. मी अजून खाल्लीच नाही."

"न खाताच नावं ठेवताय?"

"नावं नाही ठेवत! साहेब विचारतायत."

"साहेबांनी खाल्ली? तुमचा डबा साहेब खातात? मग तुम्ही काय खाता?"

"कुणीच नाही खाल्ली! ती यंत्रावर ठेवलीय."

"अहो," बायकोचा आवाज एकदम मऊ झाला, "तुम्हाला चक्कर वगैरे येतेय का?"

तपासनीस निवांतरावांच्या कानाशी लागला, "चमचा सपाट होता की शिगोशीग, ते विचारा."

"सपाट की शिगोशीग, असं तपासनीस विचारतायत."

"निघा तिथून!" मऊपणा संपला. "आत्ताच्या आत्ता निघा! किती वाजले कळतंय का?"

"अगं, पावणेएक तर झालाय."

"पावणेएक?!"

एवढ्यात साहेबांनी फोन हिसकावून घेतला. "वहिनी, नमस्कार! भाजी अप्रतिम आहे, म्हणजे यंत्राच्या दृष्टीने! असेच दर आठवड्याला आठदहा डबे मिळतील का? हॅलो? वहिनी?" त्यांनी फोन जागेवर ठेवला. "ठेवला त्यांनी. होकारच समजायचा."

आत येऊन ताईने नकाशावर लिहिलं, 'मीठ: चवीनुसार'.

"चवीनुसार म्हणजे कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती?" तपासनीसाने विचारलं. यावर बराच खल झाला. शेवटी गिऱ्हाइकाच्या चवीनुसार असं ठरलं आणि तपासनीसाने एक दीर्घ श्वास घेतला. पेन वर उचललं. टोपणाला हात घातला. निवांतरावांच्या डोळ्यांपुढे नातीचे दोन दात चमकले.

टोपण निघालं, आणि त्याच क्षणी लोखंडी दार करकरत उघडलं. दारात बायको! एका हातात मोठी बॅग, दुसऱ्या हातात छोटी, आणि चेहऱ्यावर असं काही की तपासनीसही नकळत उभा राहिला.

"टॅक्सी बाहेर उभी आहे," ती म्हणाली. "आत्ता उठलात तर गाडी मिळेल. चला!"

"अगं, एवढी घाई कसली? अजून पावणेएकच..." निवांतरावांनी पडद्याकडे बोट केलं.

"कुठल्या गावचा?"

बोट तसंच हवेत राहिलं. निवांतरावांनी पहिल्यांदाच ती वेळ नीट पाहिली. फोन केला तेव्हा पावणेएक. तपासनीस आला तेव्हा पावणेएक. डबा ठेवला तेव्हाही पावणेएक! मग त्यांची नजर सरकत रेघेच्या डाव्या बाजूच्या त्या बारीक खळीवर गेली. त्यांनी त्या खळीला ओळखलं. ती त्यांचीच होती! तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते, लेक शाळेत होती, आणि आलेख साठवताना त्यांचा धक्का टेबलाला लागला होता.

खोलीत कुणालाच काही कळलं नव्हतं. पेन कागदापासून चार बोटांवर होतं. गप्प राहायचं, एवढंच काम होतं! सही झाली की टॅक्सी, टॅक्सी की गाडी, गाडी की नात. निवांतरावांनी तोंड घट्ट मिटलं. पण ते या धंद्यात मुरलेले होते. ही पेटी जाणार, शेंडीही तिच्याबरोबर जाणार, आणि नात जरा कुठे मांडीवर बसली की साहेबांचा फोन येणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. शिवाय गावोगावच्या पेट्यांवर आंबलेल्या बटाट्यांचे डबे! बायकोच्या हातचे! आणि खरं सांगायचं तर आता भूकच आवरत नव्हती.

ते उठले आणि त्यांनी डबा उचलला.

शेंडी सळसळत वर आली. कोपऱ्यातली वेळ पावणेएकवरून एका उडीत पाचला दहा कमीवर जाऊन बसली.

साहेबांचे डोळे विस्फारले. "म्हणजे हा डबा वेळसुद्धा थांबवतो?"

"डबा काही करत नाही, साहेब," निवांतराव थकून म्हणाले. त्यांनी ते कोपऱ्यातलं बटण बोटाने दाबून दाखवलं, सोडून दाखवलं, आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तुम्ही मला शेंडी लावत होतात!" तपासनीसाने पेनाला टोपण लावलं. ताईने डब्याचा नकाशा चुरगळला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. साहेब नुसते पुटपुटले, "रजेचं मग आता... बघू."

बायको बॅगा खाली ठेवून सगळ्यांकडे बघत होती. तिला यंत्रातलं काही कळलं नव्हतं, पण नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं सगळं कळलं होतं.

"आधी जेवा," ती म्हणाली.

निवांतराव स्टुलावर बसले आणि त्यांनी पहिला घास घेतला. भाजीत मीठ नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच! बॅगा भरण्याच्या गडबडीत ते राहूनच गेलं होतं.

"कशी झालीय?" बायकोने रोखून पाहत विचारलं.

"छान," निवांतराव म्हणाले. संसार असाच टिकतो.

"आणि ती चकती द्या इकडे. लेकीचा फोन होता, सकाळपासून बाबांची पावलं दिसत नाहीत म्हणाली. बंद पडली असेल. तुमचा मोबाइल कुठे आहे?"

"बाहेर, ट्रेमध्ये."

तिने त्यांच्या पट्ट्याची चकती काढली आणि ती बाहेर गेली. लोखंडी दार धाडकन बंद झालं.

"काका," भिंतीकडून वळलेली ताई म्हणाली. "काका, पडदा बघा!"

शेंडी नव्हती! बटणावर डबा नव्हता, बोट नव्हतं. खरीखुरी रेघ थरथरत पळत होती आणि कोपऱ्यात वेळही पुढे सरकत होती.

दार उघडून बायकोने डोकं आत घातलं. "यातला तुमचा कुठला?"

शेंडी ताठ!

"वहिनी, बाहेर जा!" साहेब ओरडले.

"का? मी काय केलं?"

"जा हो! आणि दार लावा!" ती गेली. शेंडी गेली. "या आता आत!" ती आली. शेंडी आली. "बाहेर!"

"मी काय कवायत करायला आलेय?" बायको कडाडली. "एकदा काय ते ठरवा, आत की बाहेर!"

ताईने तिच्या हातातली चकती अलगद घेतली, उलटसुलट पाहिली आणि निवांतरावांपुढे धरली. तिला हसू फुटत होतं आणि रडूही येत होतं.

"काका, हिने मोबाइल शोधायला हाका मारल्यात. मोबाइल बंद आणि लोखंडी दाराबाहेर, म्हणून दिवसभर जोरजोरात मारल्यात! सकाळी आमचं काय काय काढून घेतलंत, आठवतंय?"

निवांतरावांना आठवत होतं. भिंतीवरचं घड्याळसुद्धा आठवत होतं. त्यांनी आणखी एक घास घेतला, कारण भरल्या तोंडी माणसाला उत्तर देता येत नाही.

चकतीही बाहेरच्या ट्रेमध्ये गेली. तपासनीस मात्र नियमाचा माणूस. "रेघ आता खरी आहे," तो म्हणाला, "पण चाचणी पहिल्यापासून घ्यावी लागेल. सगळी."

सगळी म्हणजे गाडी गेली. निवांतरावांनी दाराकडे पाहिलं. बायको बॅग उचलून बाहेर निघाली होती. 'तुमच्याशिवाय' म्हणाली होती सकाळी. बरोबरच होतं तिचं. नातीला निदान कुणीतरी भेटायला हवं. हातातला घास त्यांनी डब्यात परत ठेवला, आणि तो मिठाअभावी नव्हे.

थोड्या वेळाने दार करकरलं. बायको परत आली, बॅग स्टुलाशेजारी आडवी केली आणि तिच्यावर ठाण मांडून बसली.

"टॅक्सी परत पाठवली," ती म्हणाली. "करा काय करायचं ते. पण उद्याच्या गाडीच्या आड कुणी आलं, तर हा डबा त्याच्या डोक्यात घालीन. भरलेला!"

साहेबांनी मुकाट्याने रजा मंजूर केली. चाचणी झाली, रेघ शेवटपर्यंत शहाण्यासारखी पळत राहिली. टोपण निघालं, सही झाली. ताईने काकांच्या पायाला हात लावायचाच बाकी ठेवला होता, तोही लावला असता, पण ते पाय आता बोळाकडे निघाले होते.

ट्रेमधून मोबाइल उचलून निवांतरावांनी तो सुरू केला, खिशात टाकला, चकती पट्ट्याला लावली, आणि ट्रेशेजारी ठेवलेल्या बायकोच्या पर्समधला फोन वाजला. लेक होती.

"आई, दिसली बाबांची पावलं! पण दिवसभरात एवढीशीच? मध्ये थांबले होते का?"

"थांबायला निघाले कुठे होते?" बायको म्हणाली. मग तिकडून लेक काहीतरी सांगत राहिली आणि बायको त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

"काय म्हणतेय?" निवांतरावांनी विचारलं.

"तुमची नात आजपासून रांगायला लागली. लेक म्हणतेय, बाबांना सांग, सावकाश या. फारच उशीर झाला तर तीच निघेल इकडे."

निवांतरावांनी दोन्ही बॅगा उचलल्या. बोळात चार पावलं टाकली, चकतीने ती इमानदारीत मोजली. मग ते थांबले आणि मान न वळवता, आवाज शक्य तितका साधा ठेवून त्यांनी विचारलं,

"घरी मीठ आहे ना गं?"